रक्तात शिसं ९, पण हाडांत किती?

प्रश्न थोडक्यात असा. पुरुष, वय ४८. लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांच्या कामात १२ वर्षं, त्यात प्लेटा ओतणंही आलं. ते काम सोडून ६ वर्षं झाली. कामावर असताना रक्तातलं शिसं तीनदा तपासलं होतं: ३८, ४४ आणि ४१. आता बीपी १५२/९४, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) १.४, युरिक अ‍ॅसिड ९.१, पायाच्या अंगठ्याला एकदा गाऊट (युरिक अ‍ॅसिड साठून सांधा सुजणं) येऊन गेलेला. रोज ८-१० सिगारेटी. ताज्या रिपोर्टात रक्तातलं शिसं ९. शिवाय एक औषध देऊन केलेल्या लघवीच्या तपासणीत शिसं ३८ आणि आर्सेनिक ६२, दोन्ही लाल अक्षरांत. सल्ला मिळालाय ईडीटीए या धातू ओढून काढणाऱ्या औषधाच्या २० सलाईन घेण्याचा. विचारणा अशी की हे आजार धातूंमुळे झाले का, आणि सलाईन घेतल्यावर ते जातील का.

आधी निकाल सांगतो. तुमच्या बीपी, किडनी आणि गाऊटमध्ये शिशाचा हातभार असण्याची शक्यता चांगलीच आहे. सलाईनने ते जाणार नाही, आणि या अवस्थेत सलाईन घेऊही नये.

लघवीचा तो रिपोर्ट बाजूला ठेवा, रक्तातल्या ९ कडे बघू. आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहे. रक्तातल्या शिशाचं अर्धायुष्य साधारण एक महिना असतं. काम सोडलं तेव्हा पातळी ४० होती आणि शिसं फक्त रक्तातच होतं असं धरा. महिन्याने २०, दोन महिन्यांनी १०, सहा महिन्यांनी १ च्याही खाली. सहा वर्षांनंतर काहीच उरायला नको. तरी ९ आहे. म्हणजे दोनच शक्यता उरतात: कुठून तरी नवीन शिसं येतंय, किंवा शरीरात साठलेलं हळूहळू झिरपतंय. तुमच्या इतिहासावरून दुसरी जास्त संभवते. प्रौढ माणसाच्या शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं, कारण हाड त्याला कॅल्शियम समजून जागा देतं. तिथलं अर्धायुष्य महिन्यांत नाही, दशकांत मोजतात. ९ हा आकडा त्या गोदामातून रोज बाहेर पडणाऱ्या मालाचा आहे, गोदामात किती साठा आहे त्याचा नाही.

साठ्याचा अंदाज मात्र बांधता येतो, आणि त्यासाठी तुमच्या जुन्या तीन तपासण्या या नव्या लघवीच्या तपासणीपेक्षा जास्त कामाच्या आहेत. सरासरी पातळी गुणिले वर्षं. सुमारे ४१ गुणिले १२, म्हणजे जवळपास ४९० मायक्रोग्रॅम-वर्षं. कामगार-आरोग्यात याला संचयी रक्त-शिसं निर्देशांक म्हणतात. हाडातलं शिसं थेट मोजणारं एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्र आहे, पण ते संशोधनापुरतंच, तेव्हा हा गुणाकारच हाताशी राहतो. ज्यांच्याकडे जुने रिपोर्ट असतील त्यांनी ते फेकू नयेत. कंपनीतून निघताना आरोग्य-तपासणीच्या प्रती मागून घ्याव्यात. नंतर त्या मिळवणं फार जड जातं.

आता हा साठा करतो काय? शिसं कॅल्शियमची नक्कल करतं, म्हणून जिथे पेशींना कॅल्शियमचा इशारा लागतो तिथे ते घोटाळा घालतं. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, वाहिन्या नीट सैल होत नाहीत. किडनीत ते सुरुवातीच्या नलिकांच्या पेशींमध्ये साचतं. किडनी मग युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकण्यात मागे पडते, म्हणून गाऊट. गाऊट, बीपी आणि उतरत जाणारी किडनी हे त्रिकूट शिशाच्या किडनी-आजारात इतकं नेहमीचं आहे की ते एकत्र दिसलं की माणसाला जुन्या कामाबद्दल विचारायलाच हवं. फार क्वचित विचारलं जातं. 'सध्या काय करता?' एवढ्यावर प्रश्न थांबतो.

पण त्रिकूट दिसलं म्हणून शिसं सिद्ध झालं असंही नाही. उलटंही घडतं: बीपीने किडनी खराब होते, खराब किडनीत युरिक अ‍ॅसिड साठतं. बीपीसाठी थायझाइड गटाची गोळी चालू असेल तर तीही युरिक अ‍ॅसिड वाढवते. कोडं अर्धंमुर्धं सोडवायला तीन साध्या गोष्टी पुरतात. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर: शिशाच्या आजारात ते सहसा कमीच असतं, भरपूर प्रथिनं जात असतील तर मधुमेह किंवा किडनीच्या गाळण्यांचा आजार शोधावा लागतो. लघवीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी: शिशात ती बहुधा साफ असते, लाल पेशी आणि कास्ट (नलिकांच्या आकाराचे साचे) दिसले तर वाट वेगळी. आणि सोनोग्राफी, दोन्ही किडन्या सारख्याच आकसल्यात का ते बघायला. तुमच्या वयाला क्रिएटिनिन १.४ म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग मिनिटाला अंदाजे ६२ मिलिलिटर. मोठा बिघाड नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा बघितल्याशिवाय त्याला जुनाट किडनी-आजार म्हणू नये.

बीपीचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तर रक्तातलं शिसं दुप्पट होण्यामागे वरचा बीपी सरासरी १ मिलिमीटरच्या आसपास वाढलेला दिसतो. हे वाचून कुणालाही वाटेल, एवढंसंच? पण तो आकडा रक्तातल्या शिशावर बेतलेला आहे, आणि रक्त हे मुख्यतः गेल्या महिन्या-दोन महिन्यांची आठवण ठेवतं. हाडातलं शिसं मोजून केलेल्या अभ्यासांत, विशेषतः बॉस्टनमधल्या निवृत्त सैनिकांवरच्या दीर्घ पाहणीत, उच्च रक्तदाबाशी असलेला संबंध जास्त ठळक निघाला. अमेरिकेतल्या १४,२८९ प्रौढांचा माग घेऊन २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तातलं शिसं १ ऐवजी ६.७ असणाऱ्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू ७० टक्के जास्त आढळले. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. धूम्रपान, गरिबी, आहार यांचा परिणाम आकडेमोडीने वेगळा काढला, तरी पूर्ण निघाला असेल याची हमी नाही. पण दिशा इतक्या ठिकाणी सारखी निघालीय की २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिक यांना हृदयरोगाचे धोका-घटक म्हणून स्पष्ट नोंदवलं.

म्हणून '१० च्या खाली आहे, चिंता नको' हे वाक्य जुनं झालं. प्रौढांसाठी काही ठिकाणच्या कायद्यातल्या मर्यादा अजून ५०-६० वर अडकलेल्या असल्या, तरी कामगार-आरोग्यातल्या तज्ज्ञांनी २००७ मध्येच सुचवलं होतं की एकदा ३० च्या वर गेलं किंवा महिन्याच्या अंतराने दोनदा २० किंवा जास्त आलं तर माणसाला त्या कामावरून हलवावं, आणि दीर्घकाळ १० च्या खाली ठेवावं. त्या हिशेबाने तुम्हाला पहिल्याच तपासणीनंतर बाजूला काढायला हवं होतं.

तरीही नवीन शिसं येत नाही ना, याची खातरजमा करा. ती सोपी आहे. रक्तातलं शिसं तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, त्याच लॅबमध्ये, शिरेतून रक्त देऊन. बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबात त्वचेवरचं शिसं मिसळतं आणि आकडा उगाच चढतो. नळी धातूमुक्त हवी, सूक्ष्मधातूंसाठीची गडद निळ्या बुचाची किंवा लॅबने शिशासाठी तपासलेली. आकडा ८-९ च्या आसपासच घुटमळला तर ते बहुधा हाड आहे. १३-१४ झाला तर बहुधा घरात किंवा छंदात काहीतरी आहे: सोल्डरिंग, जुना रंग कोरडा घासून काढणं, छऱ्यांची बंदूक आणि शूटिंग रेंज, शिशाचा ग्लेझ असलेली मातीची भांडी, भंगार वितळवून ओतलेली अ‍ॅल्युमिनियमची भांडी, धातू मुद्दाम घातलेली पारंपरिक औषधं, काजळ-सुरमा. कामाची जुनी हत्यारं, बूट, कपडे अजून घरात असतील तर तेही. शिशाची धूळ कोरड्या झाडूने काढू नका, ती हवेत उडते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या. घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर त्याचंही रक्त तपासा. मुलांच्या आतड्यात शिसं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि अमेरिकेत २०२१ पासून मुलांसाठीचा कृती-आकडा ३.५ आहे.

आता तो लाल अक्षरांतला रिपोर्ट. त्या तपासणीत आधी डीएमएसए किंवा ईडीटीएसारखं धातू ओढून काढणारं औषध देतात, मग काही तासांची लघवी गोळा करतात, आणि येणारा आकडा औषध न घेतलेल्या लोकांच्या मर्यादेशी ताडून बघतात. झाड गदागदा हलवायचं, खाली पडलेली पानं मोजायची आणि म्हणायचं, बघा, केवढी पानगळ! औषध दिल्यावर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत शिसं वाढतं. औषधानंतरच्या लघवीसाठी मान्य अशी सामान्य मर्यादाच नाही, म्हणून अमेरिकेतल्या वैद्यकीय विषशास्त्रज्ञांच्या संघटनेने या चाचणीवर निदान करू नये असं जाहीर सांगितलंय. तुमच्या लघवीतल्या ३८ चा अर्थ 'औषध काम करतं' एवढाच. केसांतले धातू मोजणाऱ्या तपासणीचंही तसंच. केसाचा उपयोग मिथाइल पाऱ्यासाठी खरा आहे, कारण केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो आणि तो पारा त्यात वाढतानाच गुंफला जातो. शिसं आणि आर्सेनिकमध्ये बाहेरची धूळ, पाणी, शांपू किती आणि आतलं किती, हे वेगळं करता येत नाही.

आर्सेनिकच्या ६२ बद्दल मी तुम्हाला उलट प्रश्न विचारेन: आदल्या तीन-चार दिवसांत मासे, कोळंबी, शिंपले खाल्ले होते का? समुद्री जीवांत आर्सेनोबेटाइन नावाचं सेंद्रिय आर्सेनिक भरपूर असतं. ते शरीराला अपाय न करता तसंच लघवीतून जातं, पण 'एकूण आर्सेनिक' या तपासणीत पूर्ण मोजलं जातं. पद्धत अशी: चार दिवस समुद्री अन्न, शेवाळही, बंद. कसलंही धातू-काढू औषध नको. मग सकाळची लघवी, आणि लॅबला 'आर्सेनिकचे प्रकार वेगळे करून द्या' असं लिहून सांगायचं. असेंद्रिय आर्सेनिक अधिक त्याचे दोन मिथाइल प्रकार यांची बेरीज लिटरला ३५ मायक्रोग्रॅमच्या वर आली, तर तो औद्योगिक संपर्काचा मान्य इशारा-आकडा ओलांडला असं समजा. चार दिवसांचं पथ्य इथेही पाळावंच लागतं, कारण शेवाळ आणि शिंपल्यातल्या आर्सेनिक-शर्करा शरीरात मोडून त्याच मिथाइल प्रकारांपैकी एक तयार होतो आणि प्रकारवार तपासणीही फसते. आणखी एक अडचण: सीटी किंवा एमआरआयसाठी आयोडीन वा गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट घेतलं असेल तर धातूंच्या तपासणीआधी किमान ९६ तास जाऊ द्या, यंत्राच्या मोजणीत ते ढवळाढवळ करतात.

आर्सेनिकचं घड्याळ शिशाच्या नेमकं उलट चालतं. (तांत्रिकदृष्ट्या तो अर्धधातू, पण विषाच्या यादीत तो जड धातूंच्याच पंगतीला बसतो.) शरीरातून तो थोड्या दिवसांत निघून जातो, मागे राहते ती इजा. चिलीतल्या आंतोफागास्ता शहरात १९५८ ते १९७० या काळात पिण्याच्या पाण्यात लिटरला ८०० मायक्रोग्रॅमच्या वर आर्सेनिक होतं. आज जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० आहे. १९७० मध्ये तिथे शुद्धीकरण सुरू झालं, आर्सेनिक उतरलं, पण फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू नंतरची कित्येक दशकं चढेच राहिले. म्हणून आज लघवी स्वच्छ आली तरी २० वर्षांपूर्वीच्या विहिरीचा प्रश्न संपत नाही. तुमचं पाणी खासगी विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर पाण्याचीच तपासणी करा, लघवीपेक्षा ती जास्त सांगते. उकळून आर्सेनिक जात नाही. पाणी आटतं आणि उरलेलं जास्त तीव्र होतं. आरओने जातो, पण पाण्यात तो तिसऱ्या संयुजेच्या रूपात असेल तर कमी जातो, आधी क्लोरिनने त्याचं ऑक्सिडेशन करावं लागतं. फिल्टर बसवल्यावर बाहेर पडणारं पाणी तपासलं नाही तर फिल्टर बसवला की नाही, सारखंच.

तुमच्या बाबतीत मला शिशाखालोखाल काळजी आहे ती कॅडमियमची, आणि ते कुणी मोजलेलंच दिसत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून नाही, सिगारेटमधून. तंबाखूचं रोप मातीतलं कॅडमियम पानांत साठवतं. एका सिगारेटमध्ये साधारण १ ते २ मायक्रोग्रॅम असतं. त्यातला थोडाच हिस्सा धुरातून आत जातो, पण फुप्फुसातून तो आतड्यापेक्षा अनेक पटींनी चांगला शोषला जातो. धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरात न करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट कॅडमियम सापडतं. त्याचं गोदाम किडनी आणि तिथलं अर्धायुष्य १० ते ३० वर्षं. शिसं ज्या नलिकांच्या पेशी बिघडवतं, त्याच पेशी हेही बिघडवतं. जपानच्या तोयामा भागातल्या जिंझू नदीकाठी खाणीतून आलेल्या कॅडमियमने भातशेती बाटली आणि किडनीपाठोपाठ हाडं इतकी मऊ झाली की आजाराचं नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय' असं पडलं. सर्वांत जास्त त्रास झाला तो पाळी गेलेल्या, अनेक बाळंतपणं झालेल्या स्त्रियांना. सिगारेटमधून मिळणारी मात्रा त्याच्या जवळपासही नाही. पण शिसं साठलेल्या किडनीवर तिची भर पडते. सकाळच्या लघवीतलं कॅडमियम क्रिएटिनिनच्या प्रमाणात मागवा. ग्रॅमला १ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर ठीक. वर असेल तर लघवीतलं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन किंवा रेटिनॉल-बाइंडिंग प्रोटीन ही लहान प्रथिनं मोजून नलिका गळतायत का बघा. पहिलं आम्ल लघवीत मोडतं, म्हणून जमेल तिथे दुसरंच सांगा. कॅडमियम बाहेर काढणारं सुरक्षित औषध नाही. सिगारेट बंद करणं एवढा एकच इलाज, आणि तुमच्या हृदयासाठीही एकच गोष्ट निवडायची झाली तर तीच.

पाऱ्याचं तुमच्या माहितीत काही नाही, म्हणून लांबवत नाही. रंग उजळवणारं क्रीम वापरत असाल तर मात्र लघवीतला पारा तपासा. अशा क्रीममधल्या पाऱ्याने लघवीतून भरमसाट प्रथिनं जाऊ लागतात आणि कारण महिनोन्‌महिने सापडत नाही.

सलाईनबद्दल. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,७०८ रुग्णांवर ईडीटीएची मोठी चाचणी झाली, २०१३ मध्ये निकाल आला, थोडा फायदा दिसला आणि मधुमेहींमध्ये जास्त. त्यावरच आजचा सगळा बाजार उभा आहे. मग तीच चाचणी मधुमेही रुग्णांवर मुद्दाम पुन्हा केली, निकाल २०२४ मध्ये आला. रक्तातलं शिसं ६० टक्क्यांच्या आसपास उतरलं. झटके, पक्षाघात, मृत्यू यांत फरक पडला नाही. रक्तातला आकडा खाली आणणं आणि आजार खाली आणणं वेगळं, हे याहून स्पष्ट दिसणार नाही. किडनीसाठी तैवानमधल्या काही लहान चाचण्यांत फायदा दिसला होता. त्या एकाच गटाच्या आहेत आणि मोठ्या प्रमाणावर पडताळून झालेल्या नाहीत. ईडीटीएने हाडातला एकूण साठा फारसा कमी होत नाही. रक्त आणि मऊ अवयव धुऊन निघतात, उपचार थांबला की हाड ते पुन्हा भरून काढतं. औषध बाहेर पडतं किडनीतूनच, जस्तही सोबत नेतं, आणि किडनीला स्वतःही इजा करू शकतं. त्यात कॅल्शियमयुक्त ईडीटीएऐवजी चुकून डायसोडियम ईडीटीए दिलं गेलं तर रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. असे मृत्यू झालेले आहेत. नावं जवळजवळ सारखी, बाटल्या सारख्या. पातळी खूप चढलेल्या, लक्षणं असलेल्या शिसं-विषबाधेत ही औषधं जीव वाचवतात. ९ ला नाही.

मग करायचं काय? बीपी १३०/८० च्या खाली आणा. कोणती गोळी हे डॉक्टर ठरवतील, पण गाऊटचा इतिहास आणि शिशाची १२ वर्षं दोन्ही सांगा. लोसार्टन थोडं युरिक अ‍ॅसिड उतरवतं, थायझाइड चढवतं, निवड करताना हे उपयोगी पडतं. गाऊट उसळला की आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. अशा किडनीला त्या आणखी इजा करू शकतात. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) तपासा. लोह कमी असलं की आतड्यातला वाहक रिकामा असतो आणि तोच शिसं व कॅडमियम आत नेतो. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं ठेवा, पण लोहाच्या गोळ्या कमतरता नसताना नको. क्रिएटिनिन, पोटॅशियम, युरिक अ‍ॅसिड तीन महिन्यांनी, मग सहा-सहा महिन्यांनी. शिसं तीन महिन्यांनी एकदा, स्थिर निघालं तर वर्षाने.

त्या वेळापत्रकाला एक अपवाद. हाड वेगाने झिजायला लागलं की गोदामाचं दार उघडतं: थायरॉइड जास्त काम करू लागलं, स्टेरॉइडचा लांब कोर्स झाला, किंवा मांडीचं हाड मोडून महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहावं लागलं. स्त्रियांमध्ये गरोदरपण, अंगावर पाजणं आणि पाळी जाणं यांतही हेच होतं. असं काही झालं तर वर्षाची वाट न बघता सहा आठवड्यांनी रक्तातलं शिसं तपासा, आणि तेव्हा समोर जे डॉक्टर असतील त्यांना हे तिन्ही जुने आकडे, ३८, ४४, ४१, दाखवा.